विश्लेषण : इंजिनाच्या गरम धुराने विमानाचा प्रोपेलर का खराब होतो? उत्तर दडले आहे कुकरच्या हँडलमध्ये!

घरातल्या प्रेशर कुकरचे काळे हँडल आठवा. खाली गॅस पेटलेला असतो, आत वाफ कोंडलेली असते, तरी ते वितळत नाही. मात्र गॅस फार मोठा ठेवला आणि ज्योत कुकरच्या कडेवरून वर येऊन हँडलला चाटू लागली, की ते हळूहळू करपते, तडकते आणि एक दिवस स्क्रू ढिला होऊन हलायला लागते. असे हँडल कोणी वितळवून पुन्हा ओतत नाही. बाजारातून नवे आणून बसवावे लागते.

विमानाच्या कंपोझिट प्रोपेलरच्या बाबतीतही हेच घडू शकते. इंजिनाचा गरम धूर सतत पात्यांवर येत राहिला, तर पाते वितळत नाही, वाकत नाही, बाहेरून अनेकदा ठणठणीतही दिसते. पण त्याच्या पोटात थर सुटू लागलेले असू शकतात. कुकरचे हँडल आणि हे पाते यांना जोडणारा दुवा म्हणजे लिओ बेकलंड हे रसायनशास्त्रज्ञ. एकदा घट्ट झाले की पुन्हा न वितळणारे जगातले पहिले संपूर्ण कृत्रिम प्लास्टिक त्यांनी बनवले. त्यांच्या आयुष्याची गोष्ट समजली, की पात्याचे दुखणेही समजते.

आधी मुद्दा काय आहे, ते पाहू

बहुतेक लहान विमानांत प्रोपेलर पुढे, नाकावर किंवा पंखांच्या पुढच्या कडेला असतो. कोल्हापूरसारख्या शहरांतून उडणारे एटीआर-७२ हे विमान पाहिले असेल, तर त्याच्या दोन्ही इंजिनांसमोर सहा-सहा पात्यांचे प्रोपेलर दिसतात. ही पातीही कंपोझिटचीच. पण इंजिनाचा धूर मागे जातो आणि प्रोपेलर पुढे राहतो, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही.

काही विमानांत मात्र प्रोपेलर मागे असतो. तो हवा मागे लोटून विमानाला पुढे ढकलतो, म्हणून त्याला ‘पुशर’ म्हणतात. इटलीचे पियाजियो अवांती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. बंगळूरुच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे ‘सारस’ विमान २९ मे २००४ रोजी पहिल्यांदा उडाले, तेही याच रचनेचे. भारतात बनलेला रुस्तम-१ हा ड्रोनही पुशरच. कॅमेरा आणि सेन्सर पुढे ठेवायचे असल्याने अनेक ड्रोनमध्ये प्रोपेलर मागे जातो.

या रचनेत इंजिनाचा धूर थेट फिरत्या पात्यांमधून जाऊ शकतो. पिस्टन इंजिनाच्या एक्झॉस्ट पाइपमध्ये वायूचे तापमान साधारण ७०० ते ८५० अंश सेल्सिअस असते. बाहेर पडताच तो थंड हवेत मिसळतो आणि तापमान वेगाने उतरते. शिवाय पाते त्या झोतात क्षणभरच असते. मिनिटाला २४०० फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला ४० फेऱ्या होतात. दोन एक्झॉस्ट असतील, तर एक पाते सेकंदाला ८० वेळा गरम झोत कापते. तासाभरात हा आकडा २ लाख ८८ हजारांवर जातो. एकेक चटका किरकोळ असतो. अडचण बेरजेची आहे.

आता या बेरजेचा परिणाम नेमका कशावर होतो, हे कळण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

कोण होते लिओ बेकलंड?

लिओ हेंड्रिक बेकलंड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधील गेंट शहरात झाला. वडील चप्पल-बूट दुरुस्त करायचे. आई मोठ्या घरांमध्ये घरकाम करायची. वडिलांना वाटत होते, मुलाने लवकर हाताशी यावे आणि धंदा शिकावा. आईचा हट्ट होता, की त्याने शिकावे. आईचे चालले.

मुलगा हुशार निघाला. शहराच्या शिष्यवृत्तीवर तो गेंट विद्यापीठात पोहोचला आणि विशीच्या उंबरठ्यावरच सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट मिळवून बाहेर पडला. पुढे तिथेच शिकवू लागला. ज्या प्राध्यापक थिओडोर स्वार्ट्स यांच्या हाताखाली तो काम करत होता, त्यांच्याच मुलीशी, सेलीनशी, त्याचे सूत जुळले. १८८९ मध्ये दोघांचे लग्न झाले.

प्रवास शिष्यवृत्ती घेऊन त्याच वर्षी हे जोडपे अमेरिकेला गेले. परत येऊन प्राध्यापकी करायची, असा सरळ मार्ग समोर होता. बेकलंड परतले नाहीत. न्यू यॉर्कमध्ये फोटोग्राफीचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी नोकरी धरली.

पहिले यश फोटोत, मग प्लास्टिककडे कसे वळले?

दोन वर्षांत त्यांनी नोकरी सोडली आणि स्वतंत्र सल्लागार झाले. डोक्यात एकाच वेळी अनेक कल्पना होत्या. हातात एकही पूर्ण होत नव्हती. त्यातच ते आजारी पडले आणि कर्ज झाले. अंथरुणावर असताना त्यांनी ठरवले, की दहा गोष्टींच्या मागे धावण्यापेक्षा एकच धरायची आणि शेवटाला न्यायची.

ती एक गोष्ट म्हणजे ‘व्हेलॉक्स’ नावाचा फोटो पेपर. तोपर्यंत फोटोची प्रत काढायला सूर्यप्रकाशावर अवलंबून राहावे लागे. ढगाळ दिवस असला, की काम थांबले. व्हेलॉक्सवर दिव्याच्या उजेडातही प्रत काढता येत होती. १८९३ मध्ये भागीदारीत नेपेरा केमिकल कंपनी उभी राहिली. सुरुवातीची वर्षे ओढाताणीची गेली. याच काळात, १८९५ मध्ये, त्यांची थोरली मुलगी लहान वयात दगावली.

१८९९ मध्ये कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी ही कंपनी लाखो डॉलर मोजून विकत घेतली. चांभारकाम करणाऱ्या बापाचा मुलगा पस्तिशीत श्रीमंत झाला होता. न्यू यॉर्कजवळच्या यॉन्कर्स गावात त्यांनी ‘स्नग रॉक’ हे मोठे घर घेतले आणि आवारातल्या इमारतीत स्वतःची प्रयोगशाळा थाटली.

विक्रीच्या करारात मात्र एक मेख होती. पुढची अनेक वर्षे फोटोग्राफीच्या क्षेत्रात संशोधन करायचे नाही, अशी अट होती. म्हणजे ज्यात हातखंडा, तेच दार बंद. बेकलंड यांनी जर्मनीत जाऊन विद्युत-रसायनशास्त्राचे ज्ञान ताजे केले. नायगारा धबधब्याजवळ उभ्या राहणाऱ्या एका रसायन कारखान्याला सल्ला दिला. तिथे त्यांची एक सवय पक्की झाली. कोणतीही प्रक्रिया आधी लहान प्रमाणात चालवायची, चुका तिथेच करून घ्यायच्या आणि मगच मोठा कारखाना उभारायचा.

नवा विषय ते शोधतच होते. तो सापडला आपल्याकडच्या एका किड्यामुळे.

भारतातल्या लाखेचा इथे काय संबंध?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज झपाट्याने पसरत होती. तारांना, मोटारींना, स्विचना विजेपासून अलग ठेवणारे आवरण हवे होते. तेव्हा त्यासाठी शेलॅक वापरले जाई. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणारे इवलेसे किडे ती तयार करतात आणि तिचा मोठा पुरवठा भारतातून होत असे. आपल्याकडे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातही लाख निघते.

किडे त्यांच्या गतीने काम करतात. वीज उद्योगाची मागणी त्याहून कितीतरी वेगाने वाढत होती. साहजिकच भाव चढले. प्रयोगशाळेत लाख बनवता आली, तर सोन्याची खाण हाती लागणार, हे बेकलंड यांनी ओळखले.

लाखेला आणखी एक उणीव होती आणि ती आपल्याला महाभारतापासून माहीत आहे. लाक्षागृह जाळण्यासाठीच बांधले होते, कारण लाख उष्णतेला अजिबात टिकत नाही. पाकिटावर सील लावताना किंवा बांगड्या घडवताना हाच गुण उपयोगी पडतो. थोडी ऊब दिली, की लाख मऊ होते. थंड झाली, की घट्ट. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द वापरायचा, तर ती ‘उष्मामृदू’ आहे. तापणाऱ्या विजेच्या यंत्रात हा गुण दोष ठरतो.

बेकलंड यांनी वेगळे काय केले?

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन रसायने एकत्र केली, की राळेसारखा चिकट पदार्थ तयार होतो, हे नवे नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ अॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८७२ मध्येच ते पाहिले होते. पण त्यांना रंगद्रव्यांत रस होता आणि भांड्याला चिकटलेला हा गोळा त्यांच्या दृष्टीने कचरा होता. त्यानंतर इतरांनीही प्रयत्न केले. अडचण सगळ्यांची एकच होती. मिश्रण तापले, की ते उकळून फेसाळे, आत बुडबुडे राहत आणि हाती ठिसूळ, सच्छिद्र ढेकूळ येई.

त्यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे तापमान कमी ठेवणे. बेकलंडही आधी त्याच वाटेने गेले. सहाय्यक नॅथानिएल थर्लो यांच्यासोबत त्यांनी ‘नोव्होलॅक’ नावाचा शेलॅकचा पर्याय बनवला. तो फारसा चालला नाही. मग त्यांनी उलट दिशा पकडली. तापमान कमी न करता वाढवायचे. पण त्याच वेळी भांडे बंद करून आत दाबही वाढवायचा. दाबाखाली वाफेला बुडबुडे करायला वाव मिळत नाही. तत्त्व तसे कुकरचेच. फरक इतकाच, की कुकरमध्ये दाबामुळे पाणी जास्त तापमानाला उकळते आणि डाळ लवकर शिजते. इथे दाबामुळे रेझिन न फेसाळता घट्ट होत होते.

जून १९०७ मधल्या त्यांच्या नोंदवहीत या प्रयोगांचा माग सापडतो. तेव्हा ते लाकडात हे रेझिन मुरवून लाकूड टणक करता येते का, हे तपासत होते. त्या खटपटीत त्यांना रेझिनच्या अवस्था वेगळ्या ओळखता आल्या. पहिल्या अवस्थेत ते पातळ असते, द्रावकात विरघळते. दुसऱ्या अवस्थेत रबरासारखे होते आणि गरम केल्यावर मऊ पडते. तिसऱ्या अवस्थेत मात्र ते ना विरघळते, ना वितळते. या शेवटच्या पदार्थाला त्यांनी स्वतःचे नाव दिले, बेकेलाइट. ज्या जाड लोखंडी, वाफेवर चालणाऱ्या भांड्यात ते शिजवले, तो झाला ‘बेकेलायझर’. त्यांचे जुने यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आत काय घडते? सुट्या साखळ्यांसारखे असलेले रेणू उष्णतेमुळे एकमेकांना आडवे-उभे जोडले जातात आणि त्यांची एक मोठी जाळी तयार होते. लाखेचे रेणू सुटे असतात, म्हणून ते गरम झाल्यावर घसरू लागतात. जाळीतल्या रेणूंना घसरायला जागाच नसते. असा पदार्थ ‘उष्मादृढ’ असतो. पोळीचे कच्चे पीठ पुन्हा मळता येते, पण भाजलेली पोळी कितीही गरम केली तरी तिचे पीठ होत नाही. बेकेलाइट म्हणजे भाजलेली पोळी. आणि भाजलेली पोळी तव्यावर तशीच राहिली, तर पुढे काय होते, हेही सर्वांना माहीत आहे.

एका दिवसाने जिंकलेली शर्यत

१३ जुलै १९०७ रोजी बेकलंड यांनी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. १९०९ च्या फेब्रुवारीत अमेरिकन केमिकल सोसायटीच्या न्यू यॉर्क शाखेपुढे त्यांनी हा शोध जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये पेटंट मंजूर झाले. ब्रिटनमध्ये जेम्स स्विनबर्न हे अभियंते याच पदार्थावर काम करत होते. पेटंट कार्यालयात ते पोहोचले तेव्हा कळले, की बेकलंड यांचा अर्ज एकच दिवस आधी दाखल झाला आहे. पुढे दोघांनी भांडत न बसता हातमिळवणी केली आणि स्विनबर्न ब्रिटनमधल्या बेकेलाइट कंपनीचे अध्यक्ष झाले.

अमेरिकेतल्या प्रतिस्पर्ध्यांशी मात्र कोर्टात झुंज द्यावी लागली. ती जिंकल्यावर बेकलंड यांनी हरलेल्या कंपन्यांना बुडवले नाही, तर सोबत घेतले. १९२२ मध्ये त्यातून बेकेलाइट कॉर्पोरेशन उभी राहिली. टेलिफोन, रेडिओचे खोके, स्विच, प्लग, मोटारगाडीच्या इग्निशनचे भाग, बटणे, अशा असंख्य वस्तू या काळ्या-तपकिरी पदार्थाच्या बनू लागल्या. कंपनीच्या चिन्हात गणितातले अनंताचे चिन्ह होते.

बेकेलाइट विमानापर्यंत कसे पोहोचले?

नुसते बेकेलाइट ठिसूळ असते. त्यात लाकडाचा भुसा, कापड, कागद किंवा अॅस्बेस्टॉसचे तंतू मिसळले, की ते मजबूत होते. तंतू ओढ सहन करतात, रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवते. कंपोझिट म्हणजे हेच. सळ्या आणि काँक्रीट मिळून स्लॅब होतो, तसे.

पहिल्या महायुद्धापर्यंत विमानांचे प्रोपेलर लाकडी होते. राइट बंधूंनी १९०३ मध्ये वापरलेले प्रोपेलरही स्प्रूस लाकडाचे. लाकूड हलके असते, पण दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते, पावसाच्या थेंबांनी त्याच्या कडा झिजतात. त्याला पर्याय म्हणून अमेरिकेच्या वेस्टिंगहाउस कंपनीने कॅनव्हासचे थर बेकेलाइट रेझिनमध्ये भिजवून, तापलेल्या साच्यात दाबून पाती बनवली. या पदार्थाचे नाव मायकार्टा. लष्कराच्या हवाई विभागातले अभियंते फ्रँक कॉल्डवेल आणि वेस्टिंगहाउसचे एन. एस. क्ले यांनी या प्रोपेलरवर लिहिलेले तांत्रिक अहवाल, नासाची पूर्वसुरी असलेल्या ‘नाका’ या संस्थेने १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. आजच्या कंपोझिट पात्यांचे हे पणजोबा म्हणता येतील.

१९२४ हे बेकलंड यांच्या आयुष्यातलेही भरभराटीचे वर्ष. ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि सप्टेंबरमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकले. योगायोग असा, की त्याच सप्टेंबरमध्ये आपल्याकडे रांचीजवळच्या नामकुम इथे लाख संशोधन संस्थेची पायाभरणी झाली. ज्या लाखेला पर्याय शोधताना बेकेलाइट जन्मले, त्या लाखेच्या धंद्यालाही आता विज्ञानाचा आधार हवा होता.

मायकार्टाचा बहर मात्र फार टिकला नाही. त्याच सुमारास सिल्व्हेनस रीड यांनी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा प्रोपेलर यशस्वी करून दाखवला आणि पुढची कित्येक दशके धातूचे राज्य आले.

अखेरची वर्षे कशी गेली?

उतारवयात बेकलंड एकलकोंडे होत गेले. फ्लोरिडातल्या घरी आणि आपल्या बोटीवर त्यांचा वेळ जाई. श्रीमंतीचा बडेजाव त्यांना आवडत नसे. डब्यातले अन्न थेट डब्यातून खाण्याची त्यांची सवय प्रसिद्ध होती. कारभार मुलाकडे सोपवण्यावरून बाप-लेकात फारसे जमले नाही. १९३९ मध्ये त्यांनी कंपनी युनियन कार्बाइडला विकली. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यू यॉर्क राज्यातल्या बीकन गावी, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते. ब्रिटनच्या अनेक स्पिटफायर विमानांवर लाकडाचे पातळ पापुद्रे रेझिनने जोडून, दाबून केलेली पाती फिरत होती. लाकडात रेझिन मुरवण्याची १९०७ मधली खटपट अशी आकाशात पोहोचली होती.

मग आजच्या पात्यांना उष्णता का सोसत नाही?

कंपोझिट पाती पुन्हा रुळली, ती १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून. आता कॅनव्हासऐवजी ग्लास फायबर, केव्हलार किंवा कार्बन फायबर होते आणि फिनॉलच्या रेझिनऐवजी बहुतेक ठिकाणी एपॉक्सी. एपॉक्सीही उष्मादृढच, बेकेलाइटच्याच कुळातले. पण घट्ट होताना ते पाण्याची वाफ सोडत नाही. त्यामुळे बुडबुड्यांची कटकट नाही. ते तंतूंना घट्ट चिकटते आणि कमी ठिसूळ असते.

या सोयीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रत्येक रेझिनला एक तापमान असते, ज्याच्या पुढे ते वितळत नाही, पण काचेसारखा कडकपणा सोडून रबरासारखे होऊ लागते. अभियांत्रिकीत याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. साध्या खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या एपॉक्सीत हे अनेकदा ५० ते ८० अंशांच्या दरम्यान असते. भट्टीत १२० अंशांना घट्ट केलेल्यांत साधारण तेवढेच, आणि १८० अंशांच्या प्रकारांत त्याच्या आसपास. पाते दमट हवेतली ओल शोषते, तसे हे तापमान आणखी खाली येते.

कार्बन किंवा काचेचे तंतू काही शे अंश सहज झेलतात. प्रश्न त्यांना धरून ठेवणाऱ्या रेझिनचा असतो. रेझिन मऊ पडले, की तंतू जागेवर राहत नाहीत आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. पात्यावरची ओढही लक्षात घ्या. केंद्रापासून ८० सेंटिमीटरवरचा १०० ग्रॅमचा तुकडा मिनिटाला २४०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तो सुमारे ५०० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढला जात असतो. अशा ओढीत मऊ पडलेल्या रेझिनला चूक परवडत नाही.

दुसरी अडचण सांध्याची. खडे आणि पावसापासून बचाव म्हणून पात्याच्या पुढच्या कडेला अनेकदा निकेलची पट्टी चिकटवतात. निकेल तापल्यावर प्रसरण पावते, कार्बन फायबर जवळजवळ पावतच नाही. दर वेळी तापताना-निवताना मधल्या गोंदावर ताण येतो. तिसरी अडचण आतली. हलकेपणासाठी अनेक पात्यांच्या पोटात फोम असतो आणि तोही उष्णतेला हळवा असतो.

धातूच्या पात्यात झालेले बरेचसे नुकसान डोळ्यांना दिसते. कंपोझिटमध्ये ते आत दडते. आणि जाळी एकदा करपली, की ती पुन्हा विणता येत नाही. ज्या गुणामुळे बेकेलाइट लाखेला भारी पडले, त्याच गुणामुळे भाजलेले पाते वितळवून पूर्ववत करता येत नाही.

उपाय काय?

पहिला उपाय जागेचा. एक्झॉस्ट पाइपची दिशा आणि लांबी अशी ठेवायची, की झोत पात्याच्या नेमक्या एकाच पट्ट्यावर पडू नये आणि पात्यापर्यंत पोहोचण्याआधी त्यात पुरेशी थंड हवा मिसळावी. दुसरा उपाय पदार्थाचा. जास्त तापमानाचे रेझिन, उष्णता परतवणारा फिकट रंग आणि नाजूक भागावर धातूचे कवच. जिथे आगीची भीती मोठी, तिथे आजही बेकलंड यांचे फिनॉलिक रेझिनच कामी येते. विमानाच्या केबिनमधले पॅनेल आणि रॉकेटचे नॉझल ही त्याची उदाहरणे. रॉकेटच्या नॉझलमध्ये तर त्याचा वरचा थर करपून कोळशासारखा होतो आणि हाच थर आतल्या भागाला वाचवतो.

तिसरा उपाय सवयीचा. विमान जमिनीवर उभे असताना इंजिन फार वेळ सुरू ठेवू नये, कारण तेव्हा समोरून येणारा थंड वारा नसतो. उड्डाणाआधी पात्यावर काजळीचा ठरावीक पट्टा, रंगातला पिवळसर-तपकिरी बदल, फोड किंवा उचललेली कड दिसते का, ते पाहावे. नाण्याने पात्यावर हलकेच टकटक करण्याची जुनी युक्ती आजही वापरात आहे. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद. ठरावीक तापमान ओलांडले की रंग बदलणारे स्टिकरही मिळतात. शंका आली, तर उडायचे नाही आणि प्रोपेलर बनवणाऱ्याच्या सूचनेनुसार तपासणी करून घ्यायची, हा साधा नियम.

उष्णता प्रत्येक वेळी शत्रूच असते, असेही नाही. पियाजियो अवांतीमध्ये इंजिनाचा गरम धूर धातूच्या पात्यांवरून जातो आणि त्यांच्यावर बर्फ जमू देत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. म्हणजे तोच धूर एका पात्याचा रक्षक आणि दुसऱ्याचा काळ ठरू शकतो. फरक पडतो तो पाते कशाचे आहे आणि त्याला किती चटका बसतो, यामुळे.

बेकलंड यांचे खरे कौशल्य याच हिशोबात होते. इतर जण उष्णता टाळत होते, तेव्हा त्यांनी ती वापरली. पण किती अंश, किती दाब, किती वेळ, याची नोंद ठेवून. त्यांच्या रेझिनला घडवण्यासाठी एकदा उष्णता लागते. त्यानंतर तिच्यापासून त्याला जपावे लागते. रात्री कुकर लावताना गॅसची ज्योत हँडलपर्यंत येऊ न देणारी गृहिणी आणि उड्डाणाआधी पात्यावरून बोट फिरवून रंग तपासणारा मेकॅनिक, दोघेही हाच नियम पाळत असतात.